दुसरीचा वर्ग बंब पाहायला जातो

“दोन्ही हातांनी धरा. आता नळी हलेल,” अग्निशमन केंद्रातला शैलेश म्हणाला आणि त्याने पंपाजवळच्या जवानाला हात केला.

जमिनीवर पट्ट्यासारखी चपटी पडलेली कापडी नळी फुगत फुगत पुढे आली. तिला रांगेने धरून उभी असलेली दुसरीची मुलं किंचाळली. पुढचं तोंड शैलेशने स्वतः धरलं होतं आणि त्याच्या हातांखाली आर्यनचे दोन इवलेसे हात होते. पाणी आधी फसफसलं, मग कमान करून उडालं आणि भिंतीपाशी ठेवलेल्या रिकाम्या पिंपावर आदळलं. पिंप आडवं झालं. ते आपणच पाडलं अशा नजरेने मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यांच्या वर्गशिक्षिका रोहिणी कडू बाजूला उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होती. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, पण तिला ते चाललं. ही भेट ठरवायला तिला दिवाळीपासून मागे लागावं लागलं होतं. पुस्तकात बंबाचं चित्र आहे की, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं. रस्ता ओलांडून एवढी लहान पोरं नेणं म्हणजे डोक्याला ताप, हेही त्यांचं म्हणणं होतं. रोहिणीने ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं. हात लागल्याशिवाय या वयात काही कळत नाही, असं तिला मनापासून वाटायचं. तिच्या वर्गाने बाजारात तराजू धरून भेंडी तोलली होती, टपाल कचेरीत स्वतःच्या घरचा पत्ता लिहिलेली पत्रं पेटीत टाकली होती. ‘आपले मदतनीस’ हा पाठ आला तेव्हा तिने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. मुलांना घरून रिकामी खोकी आणायला सांगितली आणि बंब करायला लावले.

त्या खोक्यांच्या बंबांवरूनच तिला समृद्धीकडे नीट पाहावंसं वाटलं होतं. ही मुलगी जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून आलेली. आई दाखला घेऊन आली तेव्हा “घर बदललं, आता विचुंब्याला राहतो” एवढंच म्हणाली होती. मुलगी कुणाशी भांडायची नाही, गृहपाठ पुरा करायची, हाक मारली की उठायची. बाकी मुलांचे बंब बुटांच्या खोक्यांचे, रुंद, मोठ्या चाकांचे झाले. समृद्धीने टूथपेस्टचं खोकं आणलं होतं. तिचा बंब बोटाएवढा रुंद होता.

“अगं, एवढ्याशा गाडीत पाणी कुठे मावणार?” रोहिणीने विचारलं होतं.

“गल्लीत मावाया पाहिजे ना,” समृद्धी म्हणाली होती.

रोहिणीला ते उत्तर आवडलं होतं. शिक्षकांच्या खोलीत तिने ते कौतुकाने सांगितलंही होतं.

नळीचा खेळ संपल्यावर मुलांना आत, दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत, सतरंजीवर बसवलं. केंद्राचे अधिकारी विश्वजीत ठाकूर समोर उभे राहिले. ते मुलांशी बोलायची सवय असलेले, हसरे गृहस्थ होते. आग लागली तर पडद्यामागे, पलंगाखाली लपायचं नाही. धूर असेल तर वाकून, रांगत बाहेर यायचं. फोन कुठल्या नंबरवर करायचा? एकशे एक, असं सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मग त्यांनी प्रश्न विचारायला सांगितलं.

“तुम्ही झोपता कधी?”

“पाळीपाळीने.”

“पाणी संपलं तर?”

“दुसरी गाडी मागून येते.”

“मांजर अडकली तर येता?”

“मांजर, साप, कबूतर, सगळ्यांसाठी येतो.”

मागच्या रांगेतून समृद्धीने हात वर केला. वर्गात ती आपणहून हात वर करत नसे, म्हणून रोहिणीनेच साहेबांना खूण केली.

“सायरन ऐकू आला, म्हणजे गाडी आलीच ना?” समृद्धीने विचारलं.

“शाब्बास. आलीच समजायचं,” साहेब म्हणाले. “म्हणूनच तर तो एवढा मोठा असतो. सायरन ऐकू आला की घाबरायचं नाही. मदत आली.”

समृद्धीचा हात वरच राहिला.

“आणि नाय आली तर?”

मुलं हसली. साहेबही हसले. “असं होत नाही बाळा.”

“समृद्धी, बस खाली,” रोहिणी म्हणाली. “आता बाकीच्यांना विचारू दे.”

समृद्धी बसली. तिने सतरंजीचा एक निघालेला दोरा बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

शेवटचा कार्यक्रम सगळ्यात मोठा होता. प्रत्येकाने गाडीत पुढे बसायचं आणि एकदा सायरन वाजवायचा. शैलेश आत चालकाच्या जागेवर बसला. रोहिणी पायरीपाशी उभी राहून एकेकाला काखेत धरून वर चढवू लागली. मूल आत जाई, शैलेश त्याचं नाव विचारी, बटण दाखवी. आवाज उठे, अंगणातली मुलं कान झाकून नाचत, आणि मूल खाली उतरे तेव्हा त्याचा चेहरा लाल झालेला असे. शैलेशला कंटाळा येत नव्हता. तिशीतला, काटक, कमी बोलणारा माणूस होता तो, पण प्रत्येक मुलाला नाव घेऊन “दाब आता” म्हणत होता.

समृद्धी रांगेत पुढे आली की मागच्याला जाऊ देत होती. शेवटी ती एकटीच उरली. रोहिणीने तिला उचललं. अंग हलकं होतं, पण तिने रोहिणीचा खांदा घट्ट धरला होता.

“नाव काय?”

“समृद्धी.”

“हे बटण. दाब आता.”

तिने बटण दाबलं आणि सोडलं नाही. आवाज वर चढला, खाली आला, पुन्हा वर चढला. बाहेरची मुलं आधी ओरडली, मग ओरडायची थांबली. शैलेशने हळूच तिचं बोट उचललं.

आवाज विरल्यावर थोडा वेळ कानात नुसतं गुणगुणत राहिलं.

“हा आवाज कोळीवाड्यात जातो?” समृद्धीने विचारलं.

“जातो की. वारा असला तर पार खाडीपर्यंत जातो.”

“आमाला आला होता.”

शैलेश हसला. “तू कोळीवाड्यातली का?”

“आदी होतो. आता नाय. आमचं घर जळलं.”

दुसऱ्या एखाद्या मुलीने नव्या सायकलचं सांगावं तशा आवाजात ती बोलली होती. रोहिणी पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. ती तशीच राहिली.

शैलेशने स्टिअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“वरती माळ्यावर जाळी होती,” तो सावकाश म्हणाला. “नायलॉनची.”

“हां. पप्पाची. पप्पा बोटीवर होता. आई मासळी घेऊन बाजारात गेली होती. आजा खाली खाटेवर. आज्याला चालाया येत नव्हतं, एक बाजू गेली होती ना.” तिने आपला डावा हात सैल सोडून दाखवला. “मी बाजूच्या घरी खेळत होते.”

“समृद्धी,” रोहिणी म्हणाली. मुलगी थांबली नाही.

“बाजूच्या हरेशकाकाने गोणपाट भिजवला. तो आत जात होता. मग हा आवाज आला. सगळी बोलली, बंब आला, बंब आला, तू जाऊ नको, ते काढतील. मग काका थांबला.”

“हो,” शैलेश म्हणाला.

“मी मागच्या खिडकीत गेले. तिकडं गज होते. धूर होता पण आजा दिसत होता. मी बोलले, आज्या, बंब आला. आजा बोलला, बरं.”

अंगणात आर्यन कुणाला तरी नळीवरून उडी मारून दाखवत होता. साहेबांनी मुलांसाठी मागवलेले बिस्किटांचे पुडे कुणीतरी फोडत होतं. रोहिणीला ते सगळं ऐकू येत होतं.

“मग आवाज येतच राहिला,” समृद्धी म्हणाली. “पण जवळ नाय आला.”

“गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता,” शैलेश म्हणाला. “चालक नव्हता त्यात. आम्ही ढकलून बघितला. मग गाडी तिथंच सोडून नळ्या घेऊन पळत आलो.”

“मी बघितलं. तुमी पुढं होते. तुमच्या हातात नळी होती. पाणी नव्हतं आलं अजून.”

शैलेशने तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ तो समोरच्या काचेतून पाहत होता.

“पण मग वाजवत का होते?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. पोस्टाची पेटी लाल का असते, असं तिने टपाल कचेरीत विचारलं होतं, तसंच हे होतं.

“वाट मोकळी व्हावी म्हणून.”

“झाली?”

“नाही.”

तिने मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं. मग ती वळली आणि उतरण्यासाठी रोहिणीपुढे दोन्ही हात केले.

रोहिणीने तिला खाली घेतलं. जमिनीवर ठेवायच्या आधी क्षणभर छातीशी धरलं, पण समृद्धी बिस्किटांकडे पाहत होती. पाय टेकताच ती पळाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने ती मैत्रिणीबरोबर बिस्किटाच्या कडा आधी खायच्या की मधला भाग, यावर बोलत होती.

शैलेश गाडीतून उतरला तो पलीकडच्या दाराने. गाडीला वळसा घालून तो रोहिणीजवळ आला. हातातलं फडकं त्याने उगाच दोनदा झटकलं.

“बाई, तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. मला कुणीच सांगितलं नाही. मी तिला आणलंच नसतं.”

“आणलं ते चुकलं असं नाही म्हणत मी. त्या दिवशी सायरन माझ्याच हातात होता. नळी घेऊन उतरलो तेव्हाही मी तो चालूच ठेवला. बंद करू नको, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं, आत कुणी असेल तर त्याला कळू दे, आपण आलोय. धीर येतो माणसाला.”

“तिला काय सांगू मी?” त्याने विचारलं. “तुम्ही शिकवता पोरांना. तुम्हाला ठाऊक असेल.”

तिला ठाऊक नव्हतं. भेंडी हातात देऊन वजन समजावता येत होतं, बर्फ तळहातावर ठेवून पाणी समजावता येत होतं. या गोष्टीसाठी तिच्याकडे काहीच नव्हतं. शैलेशने फडकं खांद्यावर टाकलं आणि तो ओली नळी गुंडाळायला निघून गेला. साहेब आले, पुढच्या वर्षी जरूर या म्हणाले. मुलांनी एका सुरात आभार मानले. सगळ्यांचा मिळून एक फोटो निघाला. त्यात शैलेश नव्हता.

परतताना जोड्या करून, हात धरून मुलं चालली. रोहिणी मुद्दाम समृद्धीच्या जोडीशेजारून चालत होती. काहीतरी बोलावं म्हणून ती शब्द जुळवायची आणि एखादी रिक्षा कानाशी हॉर्न वाजवून जायची, किंवा मागून कुणी “बाई, चप्पल तुटली” म्हणायचं. एकदा तिने समृद्धीच्या डोक्यावर हात ठेवला. मुलीने वर पाहिलं, आपलं काही चुकलं का, अशा नजरेने. रोहिणीने हात काढला.

वर्गात आल्यावर तिने फळ्याकडे पाठ करून सांगितलं, “उद्या प्रत्येकाने उभं राहून एक गोष्ट सांगायची. आज काय पाहिलं, काय नवं कळलं.” दर सहलीनंतर ती हे सांगत असे. वाक्य पुरं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, पण मुलांनी तोवर “हो बाई” म्हटलं होतं.

शाळा सुटली. बाकीची मुलं गेली. समृद्धीची आई भामा नेहमी थोडी उशिरा यायची, बाजारातली पाटी आवरून. आज ती लवकर आली. वर्गाच्या दारात थांबून तिने ओला पदर कमरेला खोचला. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून ती वर्गात पाऊल ठेवत नसे.

“बाई, तरास नाय ना दिला पोरीने?”

“नाही हो. उलट…” रोहिणी दाराशी गेली. “या ना आत.”

“नको, हिकडंच बरं.” समृद्धी बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. भामाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली केला. “मी पाठवणारच नव्हते आज. तीच बोलली, सगळी जातात, मी पण जाते. तुमाला सांगितलं नाय बाई मी, दाखल्याच्या वेळी. आमचं घर जळलं, गेल्या वर्षी. सासरे गेले त्यात.”

“मला कळलं आज.”

“तिने सांगितलं?” भामाच्या कपाळावर आठी आली.

“घर जळलं, एवढं म्हणाली.”

“तेवढंच ठाव हाय तिला. बाजूच्या घरी होती ती, तिने काय बघितलं नाय.” भामाने दाराची चौकट धरली. “आणि सासरे झोपेतच गेले. जेवले की झोपायचे, रोजचं होतं त्यांचं. डॉक्टर पण बोलला, धूर लागला, झोपेतच गेले, कळलं पण नसल त्यांना. तेवढंच मनाला बरं वाटतं. नायतर बाई, मी त्यांना टाकून बाजारात गेलते, मला रातरी झोप नसती आली.”

बाकावरून आता पट्ट्याचा आवाज येत नव्हता. रोहिणीने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर भामाही पाहील, असं तिला वाटलं.

“तिकडं अजून काय बोलली काय ती?” भामाने विचारलं. ती रोहिणीच्या तोंडाकडे पाहत होती.

व्हरांड्यात शिपाई बाक ओढत होता. रोहिणीने तिकडे एकदा पाहिलं.

“सायरन वाजवला तिने,” ती म्हणाली. “सगळ्यांत जास्त वेळ. बोट काढायलाच तयार नव्हती.”

भामा हसली. हसताना तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. “आगाव हाय,” ती म्हणाली. “चल गो, झालं काय?”

समृद्धी दप्तर पाठीला लावून आली. रोहिणीच्या जवळून जाताना तिने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात या मुलीने आपल्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, एवढंच रोहिणीला कळलं. ती नजर आभाराची होती की नुसतीच खात्री करून घेणारी, ते तिला कळलं नाही. मग मुलगी आईचा हात धरून व्हरांड्यातून निघाली. “आई, त्यांनी बिस्किटं दिली, मी तुला एक ठेवलंय,” असं काहीसं सांगत होती.

फाटकापाशी पोचल्यावर तिने आईचा हात सोडला आणि पळत परत आली. धापा टाकत दारात उभी राहिली.

“बाई, उद्या सांगायचं हाय ना सगळ्यांनी?”

“नको असेल तर राहू दे हं. तू नाही सांगितलंस तरी चालेल.”

“नाय, सगळी सांगणार ना. मग मला विचारतील.” तिने थोडा विचार केला. “मी सांगीन, गाडीला शिडी असते. ती मोठी होते.”

“सांग.”

“एवढंच सांगीन.”

“चालेल,” रोहिणी म्हणाली.

समृद्धीने मान डोलावली. फाटकाशी भामा रिकामी पाटी डोक्यावर घेऊन वाट पाहत उभी होती. मुलगी तिच्याकडे चालत गेली. आता ती पळाली नाही.